पडद्यावर दिसलेली फट

तेजस्विनीचं काम चित्रं ताडून पाहण्याचं होतं. पुण्यातली एक कंपनी सर्किट बोर्ड डिझाइन करण्याचं सॉफ्टवेअर बनवायची, आणि तेजस्विनी मोहाडीतल्या आपल्या घरात बसून त्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायची. सर्किट बोर्ड म्हणजे टीव्हीत, चार्जरमध्ये, मोटारीच्या स्टार्टरमध्ये असते ती हिरवी प्लेट. तिच्यावर तांब्याच्या वाटा असतात, त्यातून वीज फिरते. त्या वाटा आधी कॉम्प्युटरच्या पडद्यावर आखायच्या आणि ती फाइल कारखान्याला पाठवायची. कारखाना फाइलमध्ये असेल तशी प्लेट बनवून देतो.

नव्या आवृत्तीत कंपनीनं पडद्यावर चित्र काढण्याचं काम प्रोसेसरकडून काढून ग्राफिक्स कार्डाकडे दिलं होतं. पूर्वी मोठा बोर्ड मागेपुढे सरकवताना पडदा अडखळायचा, आता तो पाण्यासारखा सरकत होता. सगळे खूश होते. तेजस्विनीनं करायचं ते एवढंच होतं की एकच बोर्ड जुन्या पद्धतीनं उघडायचा, मग नव्या पद्धतीनं उघडायचा, आणि दोन्ही चित्रं जुळतात का ते बघायचं. जवळून, लांबून, उलटं करून, एकेक थर लपवून. पुढच्या खोलीत वडिलांचा हातमाग चालू असायचा. मीटिंगमध्ये कुणीतरी रोज म्हणायचं, "तेजस्विनी, म्यूट कर ना," आणि ती करायची.

चूक तिला सापडली ती घरच्या जुन्या डेस्कटॉपवर. त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं, मदरबोर्डवरची साधी ग्राफिक्स चिप तेवढी होती. तिनं तांब्याचा एक मोठा भराव, म्हणजे सलग पसरलेला पट्टा, आखला, त्याची कड मागे ओढली, मग अनडू दाबलं. अनडूनं कड पुन्हा पुढे यायला हवी होती. फाइलमध्ये ती आली. पडद्यावर मात्र कड मागेच राहिली. त्या चिपनं आधीचं चित्र आपल्याजवळ जपून ठेवलं होतं आणि नवं घ्यायचं विसरलं होतं. फाइलमध्ये तांबं होतं, आणि पडद्यावर त्याच जागी मोकळी फट दिसत होती.

तिनं ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मग व्हिडिओ केला, कुठल्या मशीनवर होतं ते लिहिलं, आणि रिपोर्टवर 'गंभीर' अशी खूण केली.

तिचा मॅनेजर होता भुपेंद्र. तुमसरचा मुलगा, बारा-पंधरा वर्षांपासून पुण्यात. तेजस्विनीला घरून काम करायची परवानगी त्यानंच मिळवून दिली होती. आपल्या भागातली पोरगी आहे म्हणून. ऑफिसच्या बोलण्यात तो पुण्याचं मराठी बोलायचा, काही गळ घालायची असली की गावाकडच्या बोलीवर यायचा.

त्यानं फोन केला. "इथं कुणाच्याच मशीनवर होत नाहीये हे."

"तिथं सगळ्यांजवळ भारी कार्डं आहेत, सर. लहान वर्कशॉपवाल्यांजवळ नसतात. माझ्यासारखेच कॉम्प्युटर असतात त्यांच्याजवळ."

"बरं, बरं. मग असं करू. रिलीज होऊ दे, पण हा मोड बंदच ठेवून देऊ. ज्याला पाहिजे तो स्वतः चालू करेल. चालेल?"

"दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवा. मग चालेल."

"ठेवतो ना वो. माह्यावर भरोसा नाही का तुहा?"

तेवढ्यात आईच्या, कौशल्याबाईंच्या, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिला नागपूरला जावं लागलं. परत आली तर तिला छपाईच्या भागाच्या टेस्टिंगला लावलं होतं. नवी आवृत्ती बाहेर पडली होती. तिनं पुन्हा विचारलं नाही. भुपेंद्रनं शब्द दिला होता.

तिचा मावसभाऊ भूषण भंडाऱ्यात इलेक्ट्रॉनिक्सचं वर्कशॉप चालवायचा. आधी टीव्ही दुरुस्त करायचा, आता मोबाईल स्टार्टर बनवू लागला होता. शेतकऱ्यानं घरून फोन लावला की शेतावरची पाण्याची मोटार चालू होते, अशी पेटी. पेटीच्या पुढच्या पत्र्यावर बटणंही असतात, शेतावर असलं तर हातानंच चालू करता येतं. उन्हाळी धानाला रोज पाणी द्यावं लागतं आणि वीज कधी येईल त्याचा भरवसा नसतो, त्यामुळे पेट्या चांगल्या खपत होत्या. करडीपासून दिघोरीपर्यंत, तिकडे आंबागडच्या खालच्या शेतांतही त्याच्या पेट्या लागल्या होत्या.

नव्या बोर्डाचं डिझाइन करायच्या आधी भूषणनं तिला विचारलं होतं, "तुह्या कंपनीचं नवीन आलं म्हणे. घेऊ का?"

"घे ना दादा," ती म्हणाली होती. "चांगलं आहे."

पुढच्या उन्हाळ्यात, एका सकाळी, भूषणचा फोन आला. तो नीट बोलू शकत नव्हता. करडीच्या यादोराव नावाच्या शेतकऱ्याला स्टार्टरचा शॉक लागला होता. त्याच्याच नव्या बोर्डाच्या पेटीचा.

तेजस्विनी मोहाडीहून भंडाऱ्याला पोचली तेव्हा भूषण दवाखान्याच्या बाहेर निंबाखाली उभा होता. आत जायची त्याची हिंमत होत नव्हती. तीच त्याला घेऊन आत गेली.

यादोराव कॉटवर डोळे मिटून पडले होते. उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत पट्टीत होता. पडल्यामुळे खांद्यालाही मार बसला होता. शेजारी त्यांची बायको रुखमिणी उभी होती. तिच्या लुगड्याच्या काठाला अजून चिखल होता. ती धानाच्या बांधीत, चिखलाच्या वाफ्यात, त्यांच्या मागेच होती. मोटार फोननं चालू होत नव्हती म्हणून यादोराव बोडीच्या, म्हणजे शेतातल्या तळ्याच्या, काठावरच्या पेटीजवळ गेले, ओल्या हातानं बटण दाबलं आणि हात तिथंच चिकटला. रुखमिणीनं कुंपणाचा वाळका बांबू उपसला आणि त्यांच्या हातावर मारत राहिली, हात सुटेपर्यंत. बांबूच्या वळांचे निळे डाग पट्टीच्या वर दिसत होते.

भूषणला पाहताच ती म्हणाली, "तूच ना पेटीवाला?"

"हो काकू."

"तूच सांगतलं होतं ना आमाले, बटनाले करंट येत नाही म्हणून? लहान पोरानं दाबलं तरी काई होत नाही म्हणून?"

"यायले नाही पाहिजे होता, काकू. म्या तसंच बनवलं होतं."

"मंग आला काहून?"

भूषण पट्टीतल्या हाताकडे पाहत होता.

"मी मानसाले बांबूनं मारलं," रुखमिणी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "माह्या मानसाले. ढोराले मारत नाही असं मारलं. तू मले सांग, करंट आला काहून?"

"मी शोधून सांगतो," भूषण म्हणाला.

"अना ही कोण?"

"मी यांची बहीण," तेजस्विनी म्हणाली. "मीही पाहते काय झालं ते."

"पाहा तं मंग. पाहून इथं येऊन सांगा. पळून नका जाऊ."

वर्कशॉपमध्ये आल्यावर भूषणनं ती पेटी टेबलावर ठेवली. शेजाऱ्यांनी मेन काढून ती उखडून आणली होती. त्यानं आतला बोर्ड बाहेर काढला. बोर्डाच्या एका कोपऱ्यात काळा डाग होता, तांबं जळून फाटलं होतं.

असल्या बोर्डाचे दोन भाग असतात. एका बाजूला मोटारीची वीज, माणसाला मारणारी. दुसऱ्या बाजूला बटणांची, सिमकार्डाची, अगदी कमी दाबाची. पेटीचा पुढचा पत्रा या दुसऱ्या भागाला जोडलेला. दोन्हींच्या मध्ये कमीत कमी बोटभर रुंदीची मोकळी जागा सोडायची, तिथं तांबं येऊ द्यायचं नाही. एवढं पाळलं तर बटणाला करंट येऊ शकत नाही. पण इथं बटणांकडच्या भागाचं तांबं पसरत पसरत मोटारीच्या विजेच्या वाटेला जवळपास टेकलं होतं. मध्ये राहिली होती ती केसभर फट. कोरडं होतं तोवर काही झालं नाही. बोडीची दमट हवा आणि धूळ आत गेली आणि विजेनं उडी मारली.

"हे मी काढलंच नाही," भूषण म्हणाला. "तेजू, खरं सांगतो. म्या इथं जागा सोडली होती. पुरी सोडली होती."

"फाइल उघड."

त्यानं उघडली. पडद्यावरही तांबं पसरलेलंच दिसलं. तो पडद्याजवळ वाकला.

"मी पाठवली तवा असं नव्हतं. म्या डोळ्यानं पाहिलं होतं."

तेजस्विनीनं माऊस आपल्याकडे ओढला. तिनं सेटिंग उघडून पाहिली. ग्राफिक्स कार्डाचा मोड चालू होता.

"हे तू चालू केलं?"

"म्या कशालेच हात नाही लावला. जसं आलं तसंच आहे."

"तू भरावाची कड मागे घेतली होती?"

"हो. आधी जवळ आली होती. पाहून मागं घेतली."

"त्याच्या नंतर काय केलं? आठव."

"नाव टाकलं बोर्डावर, वर्कशॉपचं. अक्षर मोठं आलं होतं. अनडू केलं."

"कितीदा दाबलं?"

"आता ते कोण मोजते? दाबलं दोन-तीनदा."

एकदा जास्त दाबलं गेलं होतं. नाव गेलं आणि त्याच्या आधीचं कड मागे घेणंही गेलं. फाइलमध्ये तांबं पुन्हा पुढे सरकलं. पडद्यावर फट तशीच दिसत राहिली आणि भूषणनं ती पाहून फाइल पाठवून दिली. तेजस्विनीनं त्याच्यासमोर एक कोरा बोर्ड उघडून तेच सगळं करून दाखवलं. भराव, कड मागे, नाव, अनडू, अनडू. फट दिसत होती. मग तिनं फाइल बंद करून पुन्हा उघडली. फट नव्हती.

भूषण खुर्चीत बसला. मग म्हणाला, "तुले हे माहीत होतं."

"हो."

"तू मले घे म्हणून सांगतलं होतं."

"त्यांनी हा मोड बंद ठेवतो म्हणून सांगितलं होतं, दादा."

"अना तू ऐकून घेतलं? तुहं काम काय होतं मंग?"

तिला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं, कारण तो बरोबर बोलत होता. आणि त्याच वेळी दुसरीही गोष्ट बरोबर होती, ती तिनं बोलून टाकली.

"सॉफ्टवेअरमध्ये तपासणी असते. दोन भागांत किती अंतर पाहिजे तो नियम लावायचा असतो. तू लावला?"

"जो आधीपासून लागला राहते तोच होता. तपासणी पास झाली होती."

"तो बॅटरीवरच्या वस्तूंसाठी असतो. मोटारीसाठी आपला वेगळा लावावा लागतो. आणि प्लेटा बनून आल्यावर? पेट्या भरताना एकेक प्लेट तुझ्या हातातून गेली ना? एकदाही पाहिलं नाही?"

"पडद्यावर पाहिलं होतं. मंग कायले पाहू?"

मग ती उठून बाहेर आली आणि रस्त्यावरच उन्हात उभं राहून तिनं भुपेंद्रला फोन लावला.

"सर, ग्राफिक्सचा मोड बंद ठेवून रिलीज करणार होते ना तुम्ही?"

"कुठला मोड? अच्छा, ते. अगं, त्याला वर्ष होत आलं. काय झालं?"

"बंद ठेवला होता की नाही?"

"नाही ठेवला. सेल्सवाल्यांचं म्हणणं पडलं, बंद ठेवला तर कुणाला कळणारच नाही आपण काही नवीन केलंय. जाहिरातीतच तो होता. का?"

"माझा रिपोर्ट?"

"बंद केला. इथं कुणाकडेच होत नव्हतं. मी तुला तेव्हाच सांगितलं होतं."

"कुठल्या मशीनवर होते ते मी लिहिलं होतं. व्हिडिओ लावला होता. तुम्ही पाहिला?"

"इतके रिपोर्ट येतात, तेजस्विनी. प्रत्येक व्हिडिओ बघत बसलो तर झालंच."

"मग ग्राफिक्सच्या टेस्टिंगला पासचा शेरा कोणी दिला? टेस्टरच्या पासशिवाय रिलीज होत नाही."

"तू नागपूरले होतीस ना तवा," भुपेंद्र म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम गावाकडचा झाला. "मायच्या ऑपरेशनमध्ये तुले कायले त्रास द्यावं म्हटलं. मीच टाकून देल्लो तुह्या नावानं. असं सगळेच करतात वो."

तेजस्विनीला काही क्षण रस्त्यावरचं काहीच ऐकू आलं नाही. एक ट्रॅक्टर तिच्या अगदी जवळून गेला.

"माझ्या नावानं," ती म्हणाली.

"आता काय झालं ते तर सांग."

तिनं सांगितलं. यादोराव, बोडी, बांबू, सगळं. भुपेंद्रनं ऐकून घेतलं. मग तो पुन्हा पुण्याच्या भाषेत बोलू लागला, अगदी शांतपणे.

"वाईट झालं. पण हे नीट समजून घे. फाइल बरोबर होती. फाइलमध्ये जे आहे तेच कारखान्यानं बनवलं. चुकलं ते फक्त चित्र. चित्रावर कुणी विसंबू नये म्हणून तर तपासणी दिलीय आपण. तुझ्या भावानं नियम लावला नाही. हे कुठल्याही वकिलासमोर टिकेल."

"तुम्ही वकिलाचं बोलून राहिले?"

"तुझ्या भल्यासाठी बोलतोय. कागदावर पास तुझा आहे. हे प्रकरण वाढवलंस तर सगळ्यात आधी तुला विचारतील."

"विचारू द्या."

"तेजस्विनी, ऐक."

"सर, माणूस चित्र पाहूनच काम करतो. फाइल कोणाला दिसते? ते चित्र बरोबर आहे की नाही एवढंच पाहायचा मला पगार आहे. मी पाहिलं, सांगितलं, लिहून दिलं. तुम्ही ते न पाहता बंद केलं, आणि त्याच्यावर माझंच नाव टाकलं. आणि आता त्याच नावाची मला भीती घालता?"

तिनं फोन कापला. लहानपणीही इतका राग तिला कधी आला नव्हता, आणि तो कुठं ठेवावा ते तिला कळत नव्हतं.

आत येऊन तिनं भूषणला सांगितलं, "तुझा मोबाईल दे. मी करते ते बाजूनं धर. हलवू नको."

भूषणच्याच कॉम्प्युटरवर तिनं सगळं पुन्हा करून दाखवलं आणि करता करता हिंदीत बोलत गेली, कारण ते सॉफ्टवेअर देशभर वापरत होते. शेवटी जळालेला बोर्ड कॅमेऱ्यासमोर धरला. म्हणाली की माझं नाव तेजस्विनी, मी याच कंपनीत टेस्टर आहे, ही चूक मी रिलीजच्या आधी कळवली होती, आणि माझ्या नावानं जो पास दिला गेला तो मी दिलेला नाही. ज्यांच्या बोर्डावर मेनची वीज आहे त्यांनी आजच्या आज फाइल बंद करून पुन्हा उघडून पाहावी.

सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा एक मोठा ग्रुप होता, कंपनीनंच चालवलेला. तिनं व्हिडिओ तिथं टाकला. संध्याकाळपर्यंत कोइम्बतूरच्या एकानं लिहिलं की त्याच्या दोन डिझाइनमध्ये हेच निघालं. राजकोटच्या एकानं लिहिलं की त्यानं आताच कारखान्याला फोन करून माल थांबवला. कंपनीनं व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो लोकांच्या मोबाईलवर गेला होता.

दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढल्याचा ईमेल आला. कंपनीची गुप्त माहिती बाहेर दिली, असं कारण होतं. आठवडा संपायच्या आत दुरुस्त आवृत्ती आली. सोबत एक सूचना होती, 'काही जुन्या ग्राफिक्स चिपवर चित्र ताजं न होण्याची किरकोळ अडचण दूर केली आहे.' किरकोळ हा शब्द वाचून तिनं लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की मागावर बसलेल्या वडिलांनी, भैय्यालालनी, हात थांबवून आत पाहिलं.

"काय झालं?"

"काही नाही, बाबा."

"काही नाही म्हणते अना कॉम्प्युटर फोडते."

मग ती त्यांच्याजवळ बसून सगळं बोलली. त्यांनी तोवर माग बंद ठेवला. शेवटी एवढंच म्हणाले, "बाकीच्या पेट्या अजून लोकांच्या वावरात असतील ना?"

नव्या बोर्डाच्या सगळ्या पेट्या परत आणायला ती भूषणबरोबर त्याच्या गाडीतून निघाली. पहिलं गाव आंबागड. गाडी गावात शिरायच्या आधी भूषण म्हणाला, "मी काय म्हणतो तेजू, नवीन मॉडेल आलं असं सांगू. जुनं घेऊन फुकटात नवं देतो म्हटलं तं कोणी नाही म्हणणार नाही. घाबरवायचं कायले लोकाइले?"

"गाडी थांबव."

"काहून?"

"थांबव म्हणते ना. भुपेंद्र सर हेच करून राहिले. अडचण किरकोळ आहे, नवी आवृत्ती घ्या. तू पण तेच करणार? मग मला इथंच उतरव. मी बसनं जाते आणि घरोघरी मीच सांगते."

"सांगतलं तं धंदा बसते माहा."

"बसू दे."

भूषणनं स्टेअरिंगवर हात आपटला. रस्त्यानं मोहाच्या टोपल्या घेऊन बाया जात होत्या, त्यांनी वाकून गाडीत पाहिलं. मग त्यानं गाडी सुरू केली.

आंबागडला टेकचंद नावाच्या शेतकऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, पेटी स्वतः उखडून भूषणच्या पायाजवळ फेकली आणि म्हणाला, "माहा नातू दाबते हे बटन. रोज." एवढं बोलून तो घरात गेला आणि दार लावून घेतलं. दिघोरीत एकानं शिव्या दिल्या. दुसऱ्या एकानं चहा पाजला, आणि तो चहा पिणं शिव्यांपेक्षा जड गेलं.

करडीला ते शेवटी गेले. यादोराव दवाखान्यातून घरी आले होते. ओसरीवर बसून डाव्या हातानं जेवत होते. उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती, पुढेही वळणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

तेजस्विनीनं रुखमिणीला सगळं सांगितलं. सोपं करून, पण काही न लपवता. कंपनीनं काय केलं, भूषणनं काय पाहिलं नाही, आणि आपण स्वतः शब्दावर विसंबून पुन्हा विचारलं नाही, तेही.

रुखमिणीनं ऐकलं. "मंग चूक कोनाची?"

"जास्त त्यांची. थोडी याची. थोडी माझी."

"थोडी," रुखमिणी म्हणाली आणि नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं. "हे तू पोलीस ठाण्यात सांगशील का? असंच, सगळ्याइची नावं घेऊन?"

"सांगीन."

"भावाचंयी?"

तेजस्विनीनं भूषणकडे पाहिलं. तो अंगणाच्या टोकाला उभा होता. त्याला ऐकू गेलं होतं.

"त्याचंही," ती म्हणाली.

ठाण्यात हवालदारानं लिहायला घेतलं, तेव्हा भूषण बाहेर गाडीतच बसला होता. तेजस्विनी बोलत होती, हवालदार मध्येमध्ये थांबवून पुन्हा विचारत होता, ग्राफिक्स म्हणजे काय, अनडू म्हणजे काय. ती पुन्हा सांगत होती. ती पेटीपर्यंत आली तेव्हा मागून भूषणचा आवाज आला.

"ते मी सांगतो. पेटी म्या बनवली."

त्यानं सांगितलं. बोलताना त्यानं तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. पुढे कितीतरी दिवस त्याचा फोन आला नाही.

भुपेंद्रला जबाबासाठी बोलावलं गेलं ते पावसाळा लागल्यावर. तो वकिलाला घेऊन आला. ठाणेदारांनी भूषणचा कॉम्प्युटर जप्त करून आणला होता, तो जुन्या आवृत्तीसकट टेबलावर मांडून ठेवला होता. काय होतं ते आमच्यासमोर दाखवा, असं त्यांनी तेजस्विनीला सांगितलं. रुखमिणी आणि यादोराव दाराजवळच्या बाकावर बसले होते.

भुपेंद्रनं तिला पाहून मान हलवली. वकिलाच्या शेजारी बसून तो मोबाईल चाळू लागला.

"मला माहीत आहे हे," तो ठाणेदारांना म्हणाला. "दाखवायची गरज नाही. आम्ही ते केव्हाच दुरुस्त केलंय."

"मोबाईल ठेवा, सर," तेजस्विनी म्हणाली.

त्यानं वर पाहिलं.

"तुम्ही हे अजून एकदाही पाहिलेलं नाही. मोबाईल ठेवा आणि इकडे बघा."

वकील काही बोलणार होता, पण ठाणेदारांनी हात वर केला. भुपेंद्रनं मोबाईल खिशात घातला. तेजस्विनीनं भराव आखला, कड मागे ओढली, नाव टाकलं, अनडू दाबलं, आणि एकदा जास्त दाबलं. पडद्यावर फट दिसत राहिली. मग तिनं फाइल बंद करून उघडली. फट गेली होती. ठाणेदार पुढे वाकले आणि म्हणाले, "पुन्हा करा." तिनं पुन्हा केलं.

भुपेंद्र पडद्याकडे पाहत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"हो," तो शेवटी म्हणाला. "असं होत होतं."

"अना रिपोर्ट बंद केल्यावर पास?" ठाणेदारांनी विचारलं.

"तो मी टाकला."

हवालदारानं ते लिहून घेतलं. तेजस्विनीला वाटलं होतं, हे ऐकलं की आतलं काहीतरी मोकळं होईल. तसं झालं नाही. त्याला हे पाहायला दोन मिनिटंही लागली नव्हती, आणि ती दोन मिनिटं त्यानं तेव्हाच दिली असती, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

रुखमिणी बाकावरून उठली. "झालं का त्याचं पाहून?"

"झालं," तेजस्विनी म्हणाली.

रुखमिणीनं भुपेंद्रकडे नीट पाहून घेतलं, पुढे कुठं भेटला तर ओळखता यावा असं. मग तिनं यादोरावांच्या डाव्या दंडाला धरून त्यांना उभं केलं आणि लावणीसाठी धानाचे पऱ्हे, रोपं, उपटायला बाया थांबल्या आहेत असं ठाणेदारांना सांगून दोघं निघून गेले.